रस्त्याकडेचा जीव आणि आपली मैत्री



क्रेगीबर्नमध्ये राहणाऱ्या आपल्यापैकी अनेकांनी हे पाहिले आहे. संध्याकाळी कामावरून परतताना मिकलहॅम रोडच्या कडेला गाडीची धडक बसलेला कांगारू पडलेला असतो. कधी तो मेलेला असतो, कधी त्याची मान अजून हलत असते. आपण ‘अरेरे’ म्हणतो आणि पुढे जातो. घरी उशीर झालेला असतो, काय करायचे ते माहीत नसते, आणि या देशात नसती भानगड नको अशी भीतीही मनात असते.

काही जण म्हणतील, आपल्या समाजाला भूतदया कशाला शिकवता? प्रश्न रास्त आहे. महाडच्या चवदार तळ्यावर गुरेढोरे पाणी पीत होती आणि आपल्या पूर्वजांना मात्र मनाई होती. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी ते पाणी ओंजळीत घेतले, तेव्हा कुठे तो अन्याय जगासमोर आला. मुंगीला साखर घालणारा माणूस माणसाची सावली टाळत होता. पण प्राण्यावर प्रेम करणे हा त्या भूतदयेचा दोष नव्हता. तिला उतरंड होती, हा तिचा दोष होता. कोण दयेला पात्र आणि कोण नाही, हे वर बसलेला ठरवत होता.

धम्मातील मैत्रीला अशी उतरंड नाही. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी करुणा आणि मैत्री यांतला फरक सांगितला आहे. करुणा माणसांपुरती असते. मैत्री त्याही पलीकडे, सर्व प्राणिमात्रांपर्यंत जाते. दीक्षाभूमीवर दिलेल्या बावीस प्रतिज्ञांतील तेरावी प्रतिज्ञा हेच सांगते. दया करा एवढेच ती म्हणत नाही, सांभाळ करा असेही म्हणते. दया मनात राहू शकते. सांभाळ करायचा तर हात हलवावे लागतात.

त्याच ग्रंथात बाल सिद्धार्थाची गोष्ट आहे. देवदत्ताच्या बाणाने जखमी झालेला पक्षी सिद्धार्थाने उचलला. बाण काढला, जखम बांधली, दूध पाजले आणि वस्त्रात गुंडाळून छातीशी धरून ऊब दिली. पुढे हक्काचा वाद झाला, तेव्हा मारणाऱ्यापेक्षा वाचवणाऱ्याचा अधिकार मोठा ठरला. ही गोष्ट आपण मुलांना सांगतो. पण आज क्रेगीबर्नमध्ये तिच्यातले काय करायचे आणि काय नाही, हेही सांगायला हवे. ऊब द्यायची, दूध द्यायचे नाही. गाईचे दूध कांगारूच्या पिल्लाला बाधते. करुणेला प्रज्ञेची जोड लागते, ती इथे.

म्हणून नीट लक्षात ठेवा. आधी आपला आणि इतरांचा जीव. गाडी सुरक्षित जागी थांबवा, धोक्याचे दिवे लावा. ह्यूम फ्रीवेवर वाहत्या रस्त्यात उतरू नका. वाहनांना धोका असेल तर ००० ला फोन करा. नाहीतर वाइल्डलाइफ व्हिक्टोरियाला ०३ ८४०० ७३०० वर कळवा आणि नेमकी जागा सांगा. जिवंत मोठ्या कांगारूच्या जवळ जाऊ नका. त्याची लाथ जबर असते, आणि घाबरल्यानेही तो दगावू शकतो. कुत्रा आणि मुले दूर ठेवा, आवाज करू नका.

मादी मेलेली असेल तरी तिच्या पोटाच्या पिशवीत पिल्लू जिवंत असू शकते. ते आचळाला चिकटलेले असेल तर ओढू नका, फोनवर विचारा. सुटे असेल तर मऊ सुती कापडात गुंडाळून अंधाऱ्या, उबदार, शांत जागी ठेवा. त्याला काहीही खाऊ-पाजू नका. जखमी वटवाघळाला मात्र कधीच हात लावू नका, त्यापासून माणसाला जीवघेणा आजार होऊ शकतो. लहान पक्षी, पॉसम खोक्यात घालून जवळच्या पशुवैद्याकडे नेता येतो. वन्य प्राण्यासाठी ते सहसा पैसे घेत नाहीत. मुले म्हणतील, आपण घरीच ठेवू. त्यांना समजवा: १९७५ च्या वन्यजीव कायद्यानुसार परवान्याशिवाय तसे करता येत नाही. वाचवले म्हणून ते आपले झाले नाही. योग्य हातात सोपवणे हाही सांभाळच आहे.

एक कठीण प्रश्न उरतो. पाय मोडलेला मोठा कांगारू बहुधा वाचत नाही. मदतीला आलेले लोक त्याच्या यातना संपवतील. मग फोन करणाऱ्याच्या पहिल्या शीलाचे काय? काही परंपरांतील भिक्खू कोणत्याही हेतूने जीव घेणे मान्य करत नाहीत. त्यांचा आदर आहे. पण बाबासाहेबांनी दाखवून दिले की बुद्धांची अहिंसा हे तत्त्व आहे, नियम नव्हे. मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत त्यांनी फरक केला. नियम पाळून माणूस निर्धास्त होतो. तत्त्व त्याला विचार करायला लावते. ‘माझे हात स्वच्छ राहोत’ म्हणून आपण निघून गेलो, तर तो जीव थंडीत रात्रभर तडफडतो. त्यात पाळले गेलेले शील कुठे आहे? निर्णय जाणकाराने घ्यायचा. त्याला बोलावणे हे आपले काम.

मेरी क्रीकच्या काठचे हे गवताळ माळ आपण येण्याआधीपासून या प्राण्यांचे आहेत. आपल्या नव्या घरांच्या कुंपणांनी त्यांच्या वाटा अडल्या. कुणाची वाट अडवणे म्हणजे काय, हे आपल्याला वेगळे सांगायला नको.

तेव्हा आज हा अंक वाचून झाल्यावर तो नंबर फोनमध्ये साठवा, आणि गाडीत एक जुनी चादर व एक खोके ठेवा. रविवारी वंदनेनंतर मुलांना सिद्धार्थाची गोष्ट सांगाल, तेव्हा हेही दाखवा.

भवतु सब्ब मंगलम्! जय भीम!