मंडळीतले वतनदार

अंबडची मत्स्योदरी माशाच्या आकाराच्या टेकडीवर बसली आहे. मंदिराच्या जीर्णोद्धाराचं श्रेय लोक अहिल्याबाई होळकरांना देतात आणि अश्विनातल्या नवरात्रात पायऱ्यांवर पाय ठेवायला जागा नसते. आपल्याकडच्या अशा कुठल्याही जुन्या ठाण्यावर कुणी काय करायचं, हे विचारावं लागत नाही. दिवाबत्ती गुरवाची, आधीचा नारळ मानकऱ्याचा, वाजंत्री ठरलेल्या घराची. सेवा म्हणजे हक्क, आणि हक्कामागे बलुतं. आता विश्वस्त मंडळं आली, धर्मादाय आयुक्तांकडे हिशेब जाऊ लागले. पण मानावरून होणारी भांडणं आजही जन्मावरच येऊन ठेपतात.

याच टापूत, अंबडहून पंचवीस-तीस किलोमीटरवर जालन्यात, एकोणिसाव्या शतकात बलुत्याच्या बाहेर पाऊल टाकलेल्या माणसांची एक ख्रिस्ती मंडळी उभी राहिली. उभी करणारे होते रेव्हरंड नारायण शेषाद्री. 1843 साली मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला, त्यांचा धाकटा भाऊ श्रीपतही मिशनऱ्यांकडे गेला आणि शहर पेटलं. श्रीपतला कोर्टाने बापाच्या ताब्यात दिलं. त्याला प्रायश्चित्त देऊन जातीत परत घ्यावं, ही बाजू बाळशास्त्री जांभेकरांनी घेतली. मराठी वाचकाला हे प्रकरण जांभेकरांच्या चरित्रातून ठाऊक असतं. थोरला भाऊ पुढे कुठे गेला, हे मात्र फारसं कुणी विचारत नाही. तो जालन्याला आला. दिवाण सालारजंगांच्या काळात निजामाच्या राज्यात जमीन मिळवून त्याने जालन्याजवळ बेथेल हे गाव वसवलं, आणि तिथे ज्यांच्यात आयुष्य काढलं ते बहुतेक मांग आणि महार होते. ब्राह्मण कुळातला माणूस मांगांचा पाळक झाला, हे एकच वाक्य त्या काळच्या जालन्यात काय करून गेलं असेल!

शेषाद्री स्कॉटिश मिशनचे. म्हणजे बिशप नाही, मंडळीने निवडलेले वडील कारभार पाहणार. औरंगाबादेत मात्र चर्च मिशनरी सोसायटीचं काम होतं आणि तिथे पारशी समाजातून आलेले रेव्हरंड रतनजी नवरोजी दीर्घकाळ सेवेत होते. हे अँग्लिकन, वर बिशप, प्रार्थनापुस्तक ठरलेलं. 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात उत्तर भारतातली सहा चर्चं एक झाली, चर्च ऑफ नॉर्थ इंडिया जन्माला आलं, आणि दोन्ही घरची भांडी एका चुलीवर चढली. आजच्या मराठवाडा धर्मप्रांतात बिशपही आहेत आणि निवडून आलेली पास्टोरेट कमिटीही. पाळक अध्यक्ष, सचिव आणि खजिनदार मंडळीतले.

ही सोय दिसते तेवढी साधी नाही. पाळकसाहेबांची बदली होते; मंडळी बदलत नाही. नवा पाळक बोचकी-बाचकी घेऊन पाळकवाड्यात उतरतो तेव्हा त्याला हक्क असतो, माहिती नसते. छपराचा कोणता पत्रा गळतो, कोणत्या दोन घरांत लग्नापासून बोलणं नाही, आजारी म्हातारीला प्रभुभोजन घरी न्यायचं तर कोणत्या वेळी दार उघडतं, हे सगळं बिनपगारी माणसांच्या डोक्यात असतं. रविवारी शाळामास्तर शास्त्रपाठ वाचतात, एक नर्सबाई संडेस्कूल चालवतात, पेटी आणि ढोलकीवरची मुलं आदल्या रात्री सराव करून आलेली असतात. उपासना संपली की दानाची पिशवी टेबलावर उलटी होते. दोघांनी मोजायचं, तिसऱ्याने वहीत लिहायचं, खाली सह्या. चुरगळलेल्या दहाच्या नोटा सरळ करून त्यांची थप्पी लावली जाते, नाणी वेगळी. पाळक त्या टेबलापासून लांबच उभा राहिलेला बरा, आणि शहाणा पाळक तसाच उभा राहतो.

हंगामी सणात या बिनपगारी कारभाराचं खरं रूप पाहावं. कापूस, तूर, कोंबड्या, अंडी, आणि आपल्या भागात मोसंबी तर हमखास. सगळं आधी वेदीपुढे मांडलं जातं आणि उपासनेनंतर अंगणात लिलाव होतो. लिलाव पुकारणारा गडी तोंडाळ लागतो. तो तीच पपई तिसऱ्यांदा विकतो, कारण घेणारा ती परत दान करतो. पोराच्या नोकरीचा आनंद म्हणून कुणी एका मोसंबीचे पाचशे देतो. पाळकाचा पगार, वीजबिल, रंगरंगोटी या पैशांतून भागतं आणि ते कुणी भागवलं, हे सगळ्यांना माहीत असतं.

ब्रिटिश अमलात छावणीच्या चर्चमधल्या चॅप्लेनला सरकारी तिजोरीतून पगार मिळे. त्याला कुणाच्या मोसंबीची गरज नव्हती. 1930 साली भारतातलं अँग्लिकन चर्च चर्च ऑफ इंग्लंडपासून वेगळं झालं आणि सरकारी आधाराचा तो काळ ओसरू लागला. मला ती घटना मोठी वाटते. पगार देणाऱ्याला प्रश्न विचारता येतो.

मग पगारच कशाला, असंही एकाने विचारलं होतं. रोलंड ॲलन हे अँग्लिकन मिशनरी. खेड्यातल्या मंडळीला प्रभुभोजनासाठी महिनोन्‌महिने पाळकाची वाट पाहावी लागते, तर गावातलाच जाणता, पोटापाण्याचा धंदा असलेला माणूस बिनपगारी पाळक म्हणून का नेमू नये? 1927च्या सुमारास ते दोर्णकलला बिशप अझरायांना भेटले. अझराया 1912 साली पहिले भारतीय अँग्लिकन बिशप झालेले, तेही निजामाच्याच राज्यात. त्यांना ॲलन यांचं म्हणणं पटलं नाही. कागदावर ॲलन जिंकतात. तरी माझा कल अझरायांकडे आहे, आणि त्याचं कारण अंबडसारख्या ठिकाणीच कळतं: गावातला माणूस गावातल्या भाऊबंदकीत असतो. त्याच्या हाती भाकरी आणि द्राक्षारसही दिला, तर ज्या घराशी त्याचं बांधावरून भांडण आहे, ते घर चर्चला यायचं थांबेल. बाहेरून आलेला, उद्या जाणारा पाळक इथे उपयोगी पडतो.

पण जाणारा जातो आणि राहणारा रुजतो, तिथे दुसरा घोळ सुरू होतो. सचिवपद एका घरात वीस-वीस वर्षं मुरतं. खजिनदाराच्या कपाटाची किल्ली दुसऱ्या कुणाला सापडत नाही. बलुत्यातून सुटलेल्या पणजोबांचा पणतू मंडळीत वतन मांडून बसतो आणि निवडणुकीच्या महिन्यात जुनी मानकऱ्यांची भांडणं नव्या नावाने परततात. काही तर कोर्टात जातात. हा केवळ आपला दोष नाही. इंग्लंडमध्ये चर्चवॉर्डन, म्हणजे मंडळीतला कारभारी, दरवर्षी निवडायचा नियम 1604च्या चर्चनियमांतच (कॅनन्स) होता, तरी माणसं खुर्चीला चिकटतात म्हणून 2001च्या कायद्याने सलग सहा मुदतींची मर्यादा घातली. गंमत म्हणजे सभेने ठराव केला, तर ती मर्यादा बाजूला ठेवता येते. तिथेही दुसरा माणूस मिळत नसावा.

इकडे तर मिळतच नाही. शिकलेली पोरं पुण्याला, चाकणला, नाताळापुरती घरी येतात. मुदत संपली म्हणून म्हाताऱ्या सचिवाला उठवलं, तर अर्ज कोण लिहिणार? म्हणून सरसकट मुदतीचा आग्रह मला पटत नाही. पैशाची वही आणि मालमत्तेची कागदपत्रं ज्यांच्या हाती, ते तीन वर्षांनी बदललेच पाहिजेत, मग नवा कितीही कच्चा असो; जुन्याने शेजारी बसून त्याला शिकवावं. पेटी वाजवणारा, संडेस्कूलच्या बाई, लिलावाचा तोंडाळ गडी यांना मात्र हात लावू नये. त्यांनी तिथे हवं तितकं वतन करावं.