बिनपगारी अनुभव आणि तेंदूचा हंगाम

या आठवड्यातील उन्हाळी प्रशिक्षणाच्या जाहिराती वाचल्यावर एक गोष्ट निर्विवाद ठरते, ती अशी की, वनक्षेत्रात विद्यार्थ्यांना मजुरीशिवाय राबविण्याबद्दलचा उरलासुरला संकोचही आता संपला आहे. मानधन मिळणार नाही, प्रवासखर्च विद्यार्थ्याचा, निवासाची सोय जमल्यास, आणि अखेरीस प्रमाणपत्र, असा मजकूर उघडपणे छापला जातो. महाविद्यालये तो सूचनाफलकावर लावतात. आणि महिन्याभरात कापडी फलक धरून रोपवनात उभ्या राहिलेल्या विद्यार्थ्यांचे समूहछायाचित्र प्रसिद्ध होते. त्या छायाचित्रात खड्डे खोदणारा वनमजूर कधीही नसतो, आणि हा तपशील किरकोळ मानता येत नाही.

विद्यार्थ्यांकडून कोणते काम करून घेतले जाते, हे आधी नीट पाहिले पाहिजे. एप्रिल आणि मे हे महाराष्ट्रातील वनकामाचे रिकामे महिने नव्हेत. पावसाळी लागवडीसाठीचे खड्डे याच काळात खोदले जातात, रोपवाटिकांत पिशव्या भरणे, रोपांची प्रतवारी करणे आणि पाणी देणे चालू असते, आणि 15 फेब्रुवारी ते 15 जून हा वणव्याचा काळ असल्यामुळे जाळरेषांवर, म्हणजे आग पुढे सरकू नये म्हणून पालापाचोळा व झुडपे काढून मोकळ्या केलेल्या पट्ट्यांवर, लक्ष ठेवावे लागते. खासगी क्षेत्रात आता कार्बन श्रेयांकाच्या प्रकल्पांची भर पडली आहे. कार्बन श्रेयांक म्हणजे एक टन कार्बन डायऑक्साइड वातावरणात जाऊ न दिल्याचा किंवा वातावरणातून काढून घेतल्याचा विकता येणारा दाखला. आणि वृक्षलागवडीच्या प्रकल्पात हा दाखला ज्या आकड्यांवर उभा राहतो, त्यांतला मुख्य आकडा झाडाचा छातीच्या उंचीवरील, म्हणजे जमिनीपासून 1.37 मीटरवरील, घेर हा असतो. तो घेर नमुन्याच्या प्रत्येक तुकड्यात, भर उन्हात, एकेका झाडाला टेप लावून कोणालातरी मोजावा लागतो. जे मोजमाप झाल्यावाचून माल विकताच येत नाही, ते मोजमाप त्या व्यवसायाचा कणा असते, आणि ते करणाऱ्याला निरीक्षक किंवा पाहुणा म्हणणे ही सरळ दिशाभूल आहे.

या व्यवस्थेच्या समर्थनार्थ पुढे केली जाणारी सबब सर्वांच्या ओठांवर तयार असते: विद्यार्थ्याला अनुभव मिळतो. ही सबब इतकी पोकळ आहे की, ती वर्षानुवर्षे टिकून राहिली याचेच आश्चर्य वाटावे. अनुभव प्रत्येक कामातून मिळतो. नव्याने रुजू झालेल्या वनरक्षकाला पहिल्या वर्षी जो मिळतो तो कोणत्याही प्रशिक्षणार्थीपेक्षा कितीतरी जास्त असतो, आणि तरीही त्याचे पहिल्या वर्षाचे वेतन शासनाने अनुभवापोटी कापून घ्यावे, असे कोणी सुचवीत नाही. हाच न्याय सर्वत्र लावला, तर रुजू झालेल्या डॉक्टरला, वकिलाला, शिक्षकाला आणि खुद्द असे प्रशिक्षण देणाऱ्या कंपनीच्या नव्या व्यवस्थापकालाही पगार नाकारता येईल, कारण शिकत तर तेही असतात. शिवाय हा अनुभव देणारा कोण, हेही विचारले पाहिजे. साग कोणता आणि ऐन कोणता, उताराच्या जमिनीत रोप का जगत नाही, रानडुकराने उकरलेला वाफा कसा ओळखावा, हे विद्यार्थ्याला जंगल शिकविते आणि जंगलात आयुष्य घालविलेला वनमजूर शिकवितो. या दोघांनी दिलेल्या ज्ञानाचे मोल तिसऱ्याने आपल्या खात्यावर जमा करून घ्यावे आणि त्यातून विद्यार्थ्याची मजुरी वळती करावी, याला कोणत्याही नीतीत आधार सापडणार नाही.

त्यातही ही सबब काळाचे भान ठेवीत नाही. घेर कसा मोजायचा हे पहिल्या दिवशी शिकून होते, मोजताना होणाऱ्या चुका पहिल्या आठवड्यात उमजतात. त्यानंतरच्या सहा आठवड्यांत तेच मोजमाप हजारदा करणे याला शिक्षण म्हणता येत नाही, ते उत्पादन असते. आणि अनुभव जर खरोखर इतका मौल्यवान असेल, तर तो पदरी असलेल्या विद्यार्थ्याला पदवीनंतर त्याच संस्थेने आनंदाने नोकरी द्यायला हवी. पण काम विनामूल्य करणारी नवी तुकडी पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा मिळणार असेल, तर पगारी माणूस ठेवण्याचे कारण उरत नाही, आणि म्हणून बिनपगारी अनुभव हा नोकरीकडे नेणारा मार्ग असल्याचे सांगितले जात असले, तरी तोच त्या मार्गावरचा अडथळा होऊन बसतो. राहता राहिले ते सोनेरी किनारीचे प्रमाणपत्र. त्यावर संस्थेचे बोधचिन्ह ठळक असते, सह्या दोन-तीन असतात, आणि विद्यार्थी काय शिकला याविषयी एक अक्षरही नसते.

विद्यापीठाचा नियमच तसा आहे, संस्था लहान आहे, विद्यार्थी स्वखुशीने येतात, या उरलेल्या सबबींवर फार शाई खर्च करण्याची गरज नाही. नियम काम करायला सांगतो, फुकट करायला सांगत नाही. आणि लहान संस्था डिझेल उधार-उसनवार करूनही विकत घेतेच.

या साऱ्या चर्चेत महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांच्या सर्वांत मोठ्या उन्हाळी वनकामाचा उल्लेखही होत नाही, हा त्यातला सर्वांत बोचणारा भाग आहे. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया या जिल्ह्यांत एप्रिलच्या अखेरीस आणि मे महिन्यात तेंदूपानांचा हंगाम येतो. बिडी वळण्यासाठी लागणारी ही पाने. त्यांच्या व्यापारावर 1969 च्या वनोपज व्यापार नियमन कायद्याने शासनाचे नियंत्रण आले, आणि 2006 च्या वनहक्क कायद्यानंतर अनेक ग्रामसभा आता ती स्वतः विकतात. हंगाम जेमतेम दोन-तीन आठवड्यांचा असतो, आणि वसतिगृहांतून सुट्टीसाठी गावी परतलेली महाविद्यालयीन मुले-मुली त्यात घरच्यांबरोबर पहाटेच्या अंधारात रानात जातात, दुपारी सत्तर-सत्तर पानांचे पुडके बांधतात आणि संध्याकाळी फळीवर, म्हणजे गावाजवळच्या संकलन केंद्रावर, ते मोजून देतात. मजुरी शेकड्यावर, म्हणजे शंभर पुडक्यांच्या दराने, ठरते. पुढे स्वामित्वशुल्कातून बोनसही मिळतो. आणि या पैशातून अनेक घरांत पुढच्या वर्षाची फी, वह्या आणि खोलीचे भाडे निघते.

या मुलांना वनस्पतीविषयी जे कळते ते कोणत्याही प्रशिक्षणवर्गात शिकविले जात नाही. हंगामाआधी केलेल्या खुटकटाईमुळे, म्हणजे झुडपे जमिनीलगत छाटल्यामुळे, येणारी नवी पालवीच बिडीसाठी का चालते, पान कोवळे असताना तोडले तर वाळताना काय होते, अवकाळी पावसाने भिजलेले पुडके कसे वाचवायचे, आणि मोहाखाली पालापाचोळा पेटविला तर वणवा कोणत्या दिशेने जाईल, हे त्यांना ठाऊक असते. तरीही गुणपत्रिकेत या कामाची नोंद होत नाही. शहरातून आलेला विद्यार्थी त्याच जंगलात, त्याच मे महिन्यात, टेप घेऊन दोन महिने फिरला की, त्याला अभ्यासक्रमाचे श्रेयांक मिळतात. पानांचे पुडके बांधणारा त्याचा वर्गमित्र मात्र सुट्टीत मजुरीला गेला असे म्हटले जाते. दोघांपैकी पहिल्याला पैसे मिळत नाहीत आणि दुसऱ्याला मान मिळत नाही, आणि ज्याच्या घरी दोन महिने कमाईशिवाय काढण्याची ऐपत आहे तोच पहिला होऊ शकतो. बिनपगारी प्रशिक्षणाने गरीब विद्यार्थ्याला वनक्षेत्राच्या उंबरठ्याबाहेर ठेवण्याचे काम कोणत्याही प्रवेशपरीक्षेपेक्षा अधिक चोखपणे केले आहे.

जिवाच्या जोखमीचा प्रश्न तर आणखी गंभीर आहे. मे 2025 मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने तोडायला गेलेल्या तीन महिला एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात मरण पावल्या. म्हणजे उन्हाळ्यातील जंगल हे सहलीचे ठिकाण नव्हे. नोकरीत असताना झालेल्या अपघाताची भरपाई ठरविणाऱ्या 1923 च्या कायद्याच्या परिशिष्टात झाडे तोडणे आणि वणवा विझविणे ही कामे नावानिशी नोंदविलेली होती, यावरून ती धोक्याची आहेत हे इंग्रजी अमदानीतील कायदेकर्त्यांनाही समजले होते असे दिसते. ज्याला कर्मचारी म्हटले जात नाही, मजूर म्हटले जात नाही आणि शिकाऊ उमेदवारही म्हटले जात नाही, असा प्रशिक्षणार्थी उताराच्या कड्यावरून घसरला तर त्याच्या उपचाराचा खर्च कोण करणार, हे त्या जाहिरातींत कोठेही लिहिलेले नसते.

पैसे देण्याचे तत्त्व या देशाला परके नाही. 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली विद्यावेतन बंधनकारक आहे, आणि 2019 मध्ये नियमांत झालेल्या दुरुस्तीने पदवीधर उमेदवारासाठी ते दरमहा किमान 9000 रुपये ठरविले. दापोली आणि अकोला येथे शिकविल्या जाणाऱ्या वनविद्येच्या चार वर्षांच्या पदवीतही कार्यानुभवाचे सत्र असते, आणि भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या 2015 च्या ‘स्टुडंट रेडी’ कार्यक्रमात अशा सत्रासाठी दरमहा 3000 रुपयांची तरतूद आहे. ही रक्कम अपुरी आहे, पण काम करणाऱ्या विद्यार्थ्याला काही दिले पाहिजे एवढे तरी ती मान्य करते. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांतात विद्यापीठीय विद्यार्थी उन्हाळ्यात तंबूत राहून, लावलेल्या रोपामागे ठरलेल्या दराने, वृक्षलागवड करतात, आणि दिवसाची कमाई कामाच्या तासांच्या किमान वेतनाखाली गेली तर फरक मालकाने भरून द्यावा लागतो. ते काम पाठ मोडणारे आहे, छावणीतील हाल प्रसिद्ध आहेत, आणि त्या व्यवस्थेचा गौरव करण्याचे कारण नाही. परंतु तेथे विद्यार्थी शिक्षणाचा खर्च भागविण्यासाठी काम करतो हे सर्वांना मान्य असते, आणि त्याच्या हाती प्रमाणपत्र ठेवून त्याची बोळवण केली जात नाही.

अर्थात प्रत्येक ठिकाणी हिशेब मांडता येईलच असे नाही. एखाद्या संशोधन केंद्रात दहा दिवस जाऊन बीजप्रक्रिया पाहणारा, प्रश्न विचारून तेथील कर्मचाऱ्यांचा वेळ घेणारा आणि आपल्यामागे कोणतेही उपयोगी काम न ठेवता परतणारा विद्यार्थी खऱ्या अर्थाने शिकायला गेलेला असतो, आणि त्याला विद्यावेतन मिळाले नाही तर त्यात अन्याय शोधण्याची गरज नाही. या दोन टोकांच्या मधल्या प्रकरणांत रेषा कोठे ओढावी यावर प्रामाणिक माणसांचेही एकमत होणार नाही, आणि ते झाले नाही म्हणून फारसे बिघडतही नाही. कारण या आठवड्यातील जाहिराती त्या मधल्या प्रदेशातल्या नाहीतच.

म्हणून दोन गोष्टी महाविद्यालयांनी याच उन्हाळ्यात कराव्यात. विद्यावेतनाचा आकडा आणि अपघात विम्याचा उल्लेख नसलेल्या कोणत्याही करारावर प्राचार्यांनी सही करू नये, मग समोरची संस्था कितीही नामांकित असो. आणि 2023 च्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्याने अनुभवातून मिळविलेल्या शिक्षणालाही श्रेयांक देण्याची वाट मोकळी केली असताना, गडचिरोलीच्या गोंडवाना विद्यापीठाने तेंदूच्या हंगामात काम केलेल्या आपल्या विद्यार्थ्यांच्या ज्ञानाची तोंडी परीक्षा घ्यावी, ती ग्रामसभेतील जाणत्या माणसाला शेजारी बसवून घ्यावी, आणि त्याचे श्रेयांक गुणपत्रिकेत लावावेत.