शेष, अनुशेष, निःशेष

काही शब्द आपण कचेरीतून घरी आणतो आणि घरी आल्यावर कळते की ते मुळात देवघरातलेच होते. ‘अनुशेष’ हा तसा शब्द आहे. अधिवेशनाच्या दिवसांत सिंचनाचा अनुशेष, रस्त्यांचा अनुशेष, नोकरभरतीचा अनुशेष असे म्हणत तो वर्तमानपत्रांतून इतक्या वेळा समोर येतो की, रोजच्या वाटेवरच्या दगडाकडे पाहू नये तसे आपण त्याच्याकडे पाहीनासे झालो आहोत. मी मात्र या शब्दापाशी कैक वर्षे थांबलो आहे, कारण त्याचे अर्धे अंग मला लहानपणी पाटीवर भेटले होते. आमचे गुरुजी भागाकार घालत. निःशेष भाग गेला की मान डोलवत आणि बाकी उरली की तिच्याभोवती ठसठशीत गोल काढायला लावत. पाटीवरचे बाकीचे आकडे पुसट झाले तरी तो गोल तेवढा डोळ्यांपुढून हलत नसे.

शेष म्हणजे उरलेले, हे आपण सारेच जाणतो. पण त्याच्याआधी लागलेला ‘अनु’ अधिक बोलका आहे. अनुज म्हणजे मागून जन्मलेला, अनुयायी म्हणजे मागून चालणारा, अनुताप म्हणजे कर्म घडून गेल्यावर मागून होणारा दाह; त्याच चालीने पाहिले तर अनुशेष म्हणजे आपल्या मागोमाग येणारे उरलेले. ते जागच्या जागी पडून राहत नाही. वाण्याची वही वर्षअखेर मिटते, नव्या वहीवर कुंकू पडते, आणि तरी तिच्या पहिल्याच ओळीत ‘मागील बाकी’ येऊन बसलेली असते. वेदान्तानेही अनुशय नावाने हेच सांगितले, की भोगून उरलेले कर्म जिवाच्या सोबत पुढच्या जन्मात उतरते. व्यक्तीला जे लागू, ते राज्यालाही लागू आहे; राज्यालाही जन्म असतो आणि जन्मताना त्याच्याही सोबत काही उरलेले आलेले असते.

आपल्या राज्याच्या जन्मकथेत हे उरलेले कसे आले, ते आठवून पाहू. निजामाच्या राज्यातून आलेला मराठवाडा, मध्य प्रांतातून आलेला विदर्भ आणि मुंबई इलाख्यातला पश्चिम भाग ही तीन भावंडे एका घरात नांदायला निघाली, तेव्हा २८ सप्टेंबर १९५३ रोजी नागपूर करार झाला आणि निधी, शिक्षण व नोकऱ्या लोकसंख्येच्या प्रमाणात वाटू, असे वचन दिले गेले. पुढे १९५६च्या सातव्या घटनादुरुस्तीने कलम ३७१चा दुसरा खंड आला आणि विदर्भ, मराठवाडा व उर्वरित महाराष्ट्र यांच्यासाठी विकास मंडळे नेमून निधीचे न्याय्य वाटप पाहण्याची विशेष जबाबदारी राज्यपालांवर सोपवण्याची वाट खुली झाली. त्या वाटेवर पाऊल पडायला १९९४ साल उजाडावे लागले. वचन आणि मंडळे यांच्यामध्ये चार दशके गेली, आणि त्या चार दशकांत हा अनुशेष आपल्या मागे मुकाट चालत होता.

त्याला पहिल्यांदा आकड्यात धरले ते अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालील सत्यशोधन समितीने. १९८३मध्ये ती नेमली गेली आणि १९८४मध्ये तिचा अहवाल आला. रीत सरळ होती: रस्ते, सिंचन, गावांचे विद्युतीकरण, शिक्षण, आरोग्य, पाणीपुरवठा अशा नऊ बाबी घ्याव्यात, प्रत्येकीची राज्याची सरासरी काढावी, जो जिल्हा सरासरीच्या खाली असेल तो किती खाली आहे ते मोजावे आणि तेवढे अंतर भरून काढायला लागणारा पैसा म्हणजे त्याचा अनुशेष. बेरीज आली सुमारे ३,१८७ कोटी रुपयांची. विदर्भाचे १,२४७ कोटी, मराठवाड्याचे ७५१ कोटी, आणि उरलेल्या महाराष्ट्राचे १,१८९ कोटी. हा तिसरा आकडा पाहून पुष्कळांच्या भुवया उंचावतात, कारण मुंबई-पुणे पोटात घेऊन बसलेल्या प्रदेशाला कसला आला अनुशेष, असे वाटते. पण त्याच पोटात कोकणातल्या उन्हाळी तहानलेल्या वाड्या आहेत, सोलापूर-नगरचा अवर्षणाचा पट्टा आहे, नंदुरबार-धुळ्याकडचे आदिवासी पाडे आहेत. आणि नावाची गंमत पाहा: ज्याला आपण सर्वांत भरलेला म्हणतो, त्याच प्रदेशाचे सरकारी नाव ‘उर्वरित’, म्हणजे शेष. जणू शब्दच बजावतो आहे, की उरलेपण कुण्या एका प्रदेशाच्या सातबाऱ्यावर चढलेले नाही. जिथे जिथे वाटणी झाली, तिथे तिथे ते आहे.

आता या शब्दाची पुढची साल काढू. ऋणाचा, अग्नीचा आणि रोगाचा शेष ठेवू नये, तो पुन्हा पुन्हा वाढतो, अशी आपल्या पूर्वजांची शिकवण आहे. राखेखालची ठिणगी जशी वाऱ्याची वाट पाहते, तसा राहिलेला अनुशेष काळाची वाट पाहतो. भंडारा जिल्ह्यात वैनगंगेवर गोसीखुर्द धरणाची पायाभरणी १९८८मध्ये झाली तेव्हा त्याचा अंदाजित खर्च ३७२ कोटी रुपये होता; अडीच लाख हेक्टर जमीन भिजायची होती. २००९मध्ये तो राष्ट्रीय प्रकल्प ठरला, आणि पुढे त्याचा सुधारित खर्च १८,००० कोटींच्या वर गेला. ज्या शेतकऱ्याने पायाभरणीच्या दिवशी मुलाला खांद्यावर बसवून सोहळा दाखवला असेल, त्या मुलाच्या केसांत आता पांढरे आले असेल. खर्च झाला नाही असे नव्हे; खर्च झाला, आणि तरीही बाकी उरली. म्हणूनच सरकारी भाषेलाही ‘आर्थिक अनुशेष’ आणि ‘भौतिक अनुशेष’ असे दोन शब्द करावे लागले. पैसे पोहोचले म्हणून आर्थिक अनुशेष संपल्याची नोंद झाली, तरी अमरावती विभागातल्या अकोला, अमरावती, बुलढाणा आणि वाशीम या जिल्ह्यांचा सिंचनाचा भौतिक अनुशेष मागे उरलाच. अनुशेष रुपयांत मोजता येतो, पण फिटतो तो पाण्यात, वाटेत, वर्गावर हजर असलेल्या शिक्षकात.

सरासरी हे माप उपयोगाचे आहे, पण ते तहान ओळखत नाही. पैठणच्या एकनाथांची कथा आपण कीर्तनांतून शेकडो वेळा ऐकली आहे: काशीहून गंगेची कावड रामेश्वराकडे निघालेली, वाटेत वाळवंटात तडफडणारे गाढव, आणि नाथांनी त्याच्या तोंडात रिती केलेली ती कावड. नाथांनी तिथे सरासरी काढली नाही. जिथे कोरड सर्वाधिक, तिथे पाणी आधी, एवढेच त्यांनी पाहिले, आणि त्यातच रामेश्वर पावला असे मानले. त्याच पैठणला आज गोदावरीवर जायकवाडीचे धरण आहे आणि त्याच्या जलाशयाला नाव आहे नाथसागर. वरच्या नाशिक-नगरच्या धरणांनी खाली किती पाणी सोडायचे, यावर दर दुष्काळी साली भांडण पेटते. २००५च्या कायद्यातून आलेल्या समन्यायी वाटपाच्या तत्त्वाने २०१४मध्ये असे ठरले, की १५ ऑक्टोबरला जायकवाडीचा उपयुक्त साठा ६५ टक्क्यांच्या खाली असेल, तर वरून पाणी सोडावे. वरच्या शेतकऱ्याला ते जड जाते, आणि त्याचे जड जाणेही खोटे नाही. त्याच्याही विहिरीचा तळ दिसत असतो. पण नाथांचे नाव दिलेल्या पाण्याची वाटणी नाथांच्या रीतीने व्हावी, हे मागणे अवाजवी कसे म्हणावे?

वाटणी म्हटले की मला आमच्या गावची समाराधना आठवते. पहिल्या पंक्तीला वाढपी जिलबी आग्रहाने वाढतो, दुसऱ्या पंक्तीला हात जरा आखडतो, आणि शेवटच्या पंक्तीला वाढताना पातेल्याचा तळ खरवडल्याचा आवाज येतो. तो आवाज म्हणजेच अनुशेष. आपल्या धोरणकर्त्यांनाही तो ऐकू आला नव्हता असे नाही. १९६४पासून राज्यात उद्योगांसाठी सामूहिक प्रोत्साहन योजना आहे, तालुक्यांची अ, ब, क, ड अशी प्रतवारी लावून जितका तालुका मागास तितकी सवलत अधिक, असा तिचा न्याय आहे. तरी कारखाने बहुतांशी मुंबई-ठाणे-पुण्याच्या पट्ट्यातच दाटले. कारण सवलत म्हणजे शेवटच्या पंक्तीला मांडलेले पान. त्यावर अन्न तेव्हाच पडते, जेव्हा तिथे रस्ता, वीज, पाणी आणि शिकलेले हात आधी पोहोचलेले असतात. गीतेने यज्ञशेष खाणाऱ्याला संत म्हटले, त्यामागे हीच पंगतीची दृष्टी आहे: इतरांना वाढून झाल्यावर जे उरते ते यजमानाचे अन्न. यजमान पहिल्या पंक्तीला बसला, की शेष आणि अनुशेष यांच्या जागा बदलतात.

आणि आता या शब्दाची सर्वांत आतली साल, जी मला फार उशिरा सुटली. देवाला नेसवून उरलेले वस्त्र आपण शेषवस्त्र म्हणून मस्तकी धरतो. पृथ्वी ज्याच्या फण्यावर उभी, त्याचेही नाव शेष. म्हणजे उरलेले हे केवळ उणे नाही, ते धारण करणारेही आहे. आपल्या अनुशेषाच्या वह्यांत जे नाही त्याची नोंद झाली; जे उरले आहे, त्याला रकानाच नव्हता. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातले मेंढा-लेखा हे गोंडांचे छोटे गाव घ्या. नऊ बाबींच्या कोष्टकात ते उणेच भरले असते. पण त्याच्यापाशी जंगल उरले होते आणि सर्वांनी बसून सर्वसंमतीने ठरवण्याची रीत उरली होती. २००९मध्ये वनहक्क कायद्याखाली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर गावाचा सामूहिक हक्क मान्य झाला, २०११मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने ग्रामसभेच्या हाती आले, आणि गाव आपला बांबू आपण विकू लागले. तिथे बाहेरून संपत्ती आणून ओतली नव्हती. जे शेष होते त्यावरचा हक्क तेवढा परत दिला. असे प्रत्येक गावाला जमेल, असे मी म्हणत नाही. पण प्रत्येक तालुक्यात विकासाचा माणूस वही घेऊन गेला, तर ‘इथे काय नाही’ याच्या शेजारी ‘इथे काय उरले आहे’ असा दुसरा रकाना त्याने आखावा, एवढे मागणे आहे.

सज्जनहो, बाकीभोवती गोल काढून झाल्यावर गुरुजी पुढे काय सांगत, ते मी सुरुवातीला सांगितले नाही. ते म्हणत, ही टाकायची नाही. पुढचा अंक उतरवून हिच्याच शेजारी मांडायचा, मग पुन्हा भाग घालायचा. घाईत ज्याने बाकी सोडून नुसताच पुढचा अंक घेतला, त्याचे उत्तर लहान येई, आणि गुरुजी पाटीवर थुंकी न लावता ओल्या फडक्याने सगळे पुसून त्याला पहिल्यापासून मांडायला लावत. राज्यात नवा महामार्ग येईल, नवी औद्योगिक वसाहत येईल, नवा अर्थसंकल्प येईल. ते सारे पुढचे अंक आहेत. ते कुणाच्या शेजारी उतरवायचे, एवढेच पाटीवरच्या त्या गोलाकडे बघून ठरवायचे आहे.