झिजलेल्या अवजारांचं घर

नारळाच्या हिरांचा खराटा झिजतो तो टोकाकडून. नवा असतो तेव्हा त्याचे हीर लांब आणि लवचीक असतात. अंगणातला पाचोळा ते हलक्या हाताने ओढून आणतात. पुढे टोकं मोडत जातात, खराटा निम्म्यावर येतो आणि ताठ होतो. पाचोळ्याला आता त्याचा उपयोग नाही. पण जांभ्याच्या पायऱ्यांवर पावसात धरलेलं शेवाळ खरवडायला हा अर्धा राहिलेला खराटाच हवा. नव्याचे हीर तिथे नुसते वाकतात. आणखी झिजून वीतभर उरला की तो मोरीच्या कोपऱ्यात जातो. मग सुतळी सोडायची आणि उरलेले हीर न्हाणीच्या चुलीत घालायचे. राहिलेल्या राखेने भांडी निघतात.

जुन्या वस्तूवर भागवणं म्हणजे कमी प्रतीचं काहीतरी चालवून घेणं, असं आपण मानतो. मला ते पटत नाही. झिजेने अवजार बदलतं, आणि बदललेल्या अवजाराला साजेसं काम शोधून देणं हे बुद्धीचं काम आहे. नवी वस्तू दुकानातून येते ती आपलं काम ठरवूनच येते. जुनीकडे मात्र दर वेळी नव्याने पाहावं लागतं.

कोकणात मे महिन्याच्या अखेरीस आगोटीची, म्हणजे पावसाळ्याआधीची, कामं निघतात तेव्हा हे पाहणं आपोआप घडतं. गुरं गेली, गोठा राहिला, आणि पुष्कळ घरांत आता तिथे दुचाकी उभी असते. तिच्याभोवती रंगाचे रिकामे डबे, जुने टायर, पातं निम्मं उरलेली खुरपी, गंजलेला कोयता, तळ गेलेलं घमेलं. हा गोठा साफ करायला यातलंच सामान पुरतं. जमिनीवर सांडलेल्या इंजिन ऑइलवर चुलीतली राख किंवा लाकडाचा भुसा पसरून ठेवला की तेल शोषलं जातं, मग ते खरवडून काढता येतं. फाटकं पोतं पालापाचोळा ओढून न्यायला उत्तम, कारण ते जमिनीवर सपाट पसरतं आणि भरताना कुणाला ते धरून उभं राहावं लागत नाही. धान्य पाखडण्याच्या कामातून गेलेलं सूप केर भरायला येतं. खुरपीचं पातं धार लावून लावून अरुंद झालेलं असतं, म्हणूनच ते फरशीच्या सांध्यातलं गवत मुळासकट काढतं. कोयत्याचा गंज विटेच्या तुकड्याने घासून वर खोबरेल तेलाचा हात फिरवावा. जिथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तिथे हा तेलाचा हात विसरला की लोखंड श्रावणापर्यंत खाल्लं जातं.

बौद्धांच्या पाली विनयपिटकातल्या चुल्लवग्गात एक प्रसंग आहे. कौशांबीच्या उदयन राजाच्या राण्यांनी बुद्धाच्या आनंद या शिष्याला पाचशे वस्त्रं दान दिली. राजा चिडला, हा श्रमण कापडाचा व्यापार मांडणार की काय, असं त्याला वाटलं. त्याने जाऊन विचारलं, एवढ्या वस्त्रांचं काय करणार? ज्यांची चीवरं जीर्ण झाली आहेत त्यांना वाटणार, आनंद म्हणाला. मग जीर्ण चीवरांचं? त्यांचे पलंगपोस करू. जुन्या पलंगपोसांच्या गादीच्या खोळी, जुन्या खोळींची जमिनीवरची अंथरुणं, त्यांची पायपुसणी, पायपुसण्यांची धूळ झटकायची फडकी, आणि फडकी अगदी विरली की ती कुटून चिखलात मळून जमीन सारवू. राजा प्रसन्न झाला आणि त्याने आणखी पाचशे वस्त्रं दिली. लुगड्याची गोधडी, गोधडीचं पायपुसणं आणि पायपुसण्याचं पोतेरं करणाऱ्या आपल्या घरातल्या कुठल्याही आजीला हे उत्तर पाठ होतं. तिने ते कुठे वाचलेलं नव्हतं.

पाली वाङ्मय मराठीत आणणारे धर्मानंद कोसंबी गोव्यातल्या साखवाळचे, जन्म १८७६ चा. त्याच वर्षी विदर्भात शेंडगावला डेबूजी झिंगराजी जानोरकर जन्मले, म्हणजे गाडगेबाबा. एकाने भिक्षुसंघाची ही शिस्त ग्रंथांतून वाचकांपर्यंत पोहोचवली. दुसरा अंगावर चिंध्यांचं वस्त्र, जवळ गाडगं आणि हातात खराटा घेऊन दिवसा गाव झाडत होता आणि रात्री कीर्तनात उभा राहत होता. हा योगायोगच, पण मला तो फार मोलाचा वाटतो.

भागवण्याला मर्यादाही आहेत. उन्हाळ्यात लाकूड आकसतं आणि कुदळीचा दांडा सैल होतो. तो रात्रभर पाण्यात ठेवला तर फुगून घट्ट बसतो, पण वाळला की पुन्हा हलतो. अशा वेळी पाचरच मारली पाहिजे. जुनं साठवण्यात धोकाही असतो: रचून ठेवलेल्या चिऱ्यांच्या आणि जुन्या लाकडांच्या फटीत हात घालू नये. तिथे फुरसं असतं, लाल विंचू असतो. महाड परिसरात डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी १९८० च्या दशकात प्राझोसिनचा उपचार रूढ करण्यापूर्वी या विंचवाच्या दंशाने कोकणात कितीतरी मुलं दगावली. आंबे काढायच्या, जाळी फाटलेल्या झेल्याची काठी इथे उपयोगी पडते: ढीग लांबूनच विस्कटायचा.

आणखी एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. घराची काटकसर बहुतेक वेळा बाईच्या कंबरेवर चालली. आखूड खराट्याने वाकून अंगण झाडत आली ती घरातली सून. त्याच खराट्याला छातीपर्यंत उंचीची बांबूची काठी बांधायला काहीच खर्च नव्हता, तरी ती क्वचितच बांधली गेली. लक्ष्मीपूजनाला केरसुणीला हळदकुंकू वाहिलं, खंडेनवमीला अवजारं पुजली; पण शिंदीच्या पानांची केरसुणी बांधणाऱ्या मातंगाला आणि सूप विणणाऱ्या बुरुडाला मान देताना आपला हात आखडला. वस्तूचा आदर करणाऱ्या संस्कृतीने वस्तू घडवणाऱ्याचा आदर केला नाही. जुन्याचं कौतुक करताना हे झाकून ठेवणं अप्रामाणिकपणाचं होईल.

आता केरसुणीच्या आणि सुपाच्या जागी नायलॉनचा झाडू आणि प्लास्टिकची सुपली आली आहे. या वस्तू स्वस्त आहेत, हलक्या आहेत, आणि नवीन असताना काम चोख करतात. पण उन्हाने प्लास्टिक ठिसूळ होतं आणि एक दिवस तडकतं. त्यानंतर त्याला दुसरं काम नसतं. त्याला पाचर मारता येत नाही की धार लावता येत नाही, आणि पाचोळ्याबरोबर परसात पेटवलं तर निघणारा धूर घरातलेच सगळे श्वासात घेतात.

खुरपीला पाणी देणारा लोहार आणि गावोगाव भाता घेऊन फिरणारे घिसाडी अजून काही आठवडी बाजारांत दिसतात. पाऊस लागण्याआधी गोठ्यातला कोयता, कुदळ आणि खुरपी त्यांच्याकडे घेऊन जा, आणि ते सांगतील त्या मजुरीत घासाघीस करू नका.