टाळलेले गाव

वाटसरू आणि पाहुणा हे दोन शब्द आपल्या भाषेने निरनिराळे ठेवले, हे फार बरे झाले. वाटसरू वाट तिथून जाते म्हणून येतो. पाहुणा तुम्ही तिथे असता म्हणून येतो. गावाला बायपास झाला, की या दोघांतला भेद एका दिवसात उघडा पडतो.

सावंतवाडीचेच पाहा ना. मुंबई-गोवा रस्ता पूर्वी सरळ शहरात शिरे, मोती तलावाचे दर्शन घडवी आणि मग बांद्याकडे निघे. पुढे झाराप ते पत्रादेवी असा चौपदरी रस्ता झाला आणि शहर बाजूला राहिले. त्याआधी १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण झाली, तिचेही स्टेशन शहराबाहेर, मळगावात! आता घाईच्या माणसाला चितार आळीतली लाकडी फळे आणि भातुकली दृष्टीलाही पडत नाहीत.

यात वाईट ते काय, असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. ट्रकांच्या रांगांतून जीव मुठीत धरून पोरे शाळेत येतात, तेव्हा मास्तराच्या काळजाचे काय होते ते मी जाणतो. कुडाळहून आजाऱ्याला घेऊन निघालेली गाडी बांबोळीच्या इस्पितळात लवकर पोचते. यापुढे चार कप चहाचा तोटा कोण मोजणार? आणि परक्याची अडचण ही काही गावाची वडिलोपार्जित इस्टेट नव्हे.

तरी हिशेबात एक कलम राहतेच. अशा रस्त्याने ज्यांचा लाभ होतो ते असंख्य आणि एकमेकांना अनोळखी. ज्यांचे नुकसान होते ते मोजके आणि नावानिशी सांगता येण्याजोगे. जमीन रस्त्याखाली गेली तर मोबदला मिळतो. दारावरचा रस्ताच उठून गेला तर काय मिळते? पुष्कळांच्या थोड्या सुखाची किंमत थोड्यांनी भरली असेल, तर ते पुष्कळ जण काही देणे लागतात की नाही?

लागतात, असे मला वाटते. पूर्वी आपण मनात नसतानाही दुसऱ्याचे गाव पाहत होतो. वरात आडवी आली तर गाडी थांबे. प्रेतयात्रा निघाली असेल तर ड्रायव्हर भोंगा वाजवीत नसे. दुसऱ्याच्या सुखदुःखापायी खोळंबणे ही सक्ती होती खरी, पण माणूस त्यातच माणसाळत होता. आता ती सक्ती गेली. जे रस्ता आपल्याकडून करवून घेत होता, ते आता आपण आपल्या इच्छेने करायचे आहे, आणि म्हणूनच ते अधिक कठीण आहे.

दिवाळीला गावी जाताना फाट्यावर पाटी दिसेल. मागे बसलेले पोर विचारील, "बाबा, आत काय आहे?" वाचलेल्या वेळातला अर्धा तास तरी त्या उत्तरासाठी खर्च करायला हरकत नाही.