भावनेला नाव कोण देणार?

२०२० साली गूगलच्या संशोधकांनी रेडिटवरच्या सुमारे ५८ हजार इंग्रजी प्रतिक्रिया निवडल्या, त्या माणसांकडून वाचून घेतल्या आणि प्रत्येकीवर भावनेचं नाव लिहून घेतलं. नावं २७ : कौतुक, कृतज्ञता, वैताग, कुतूहल, पश्चात्ताप, शोक वगैरे. शिवाय ‘तटस्थ’ असा वेगळा रकाना. या साठ्यावर शिकवलेलं मॉडेल न पाहिलेली प्रतिक्रिया वाचून भावना कितपत बिनचूक ओळखतं, याला ० ते १ या मापात गुण दिले गेले. कृतज्ञतेत ०.८६ मिळाले. शोकात शून्य.

संशोधकांनी कारण दिलं तेही खरंच आहे : शोकाची उदाहरणं त्या साठ्यात सगळ्यांत कमी होती. पण मला आणखी एक कारण दिसतं. आभार मानणारा आभाराचा शब्द वापरतोच. शोक करणारा दुःखाचा शब्द वापरेलच असं नाही. वडील गेल्यावर महिन्याभराने कुणी फेसबुकवर एवढंच लिहितं, ‘आज कपाट आवरताना बाबांचा चष्मा सापडला.’ या वाक्यात कुठेही दुःख, अश्रू, आठवण असं काही नाही. ज्यांना बाबा गेल्याचं ठाऊक आहे, ते मात्र पुढचं काम क्षणभर थांबवतात.

समाजमाध्यमांवरच्या मजकुरातून भावना ओळखण्याचा सगळा प्रवास मला याच प्रश्नाभोवती फिरताना दिसतो : या भावनेला नाव कुणी द्यायचं?

सुरुवातीला हा प्रश्नच नव्हता, कारण काम शब्द मोजण्याचं होतं. १९६० च्या दशकात हार्वर्डमध्ये फिलिप स्टोन यांनी ‘जनरल इन्क्वायरर’ नावाचा संगणक-प्रोग्राम तयार केला. शब्दांच्या याद्या, प्रत्येक यादीला एक गट, आणि मजकुरात कोणत्या गटातले शब्द किती, याची मोजदाद. पद्धत सोपी, पण तिची अडचण मराठीत लगेच कळते. ‘सिनेमा अगदीच वाईट होता असं मी म्हणणार नाही’ हे वाक्य घ्या. मोजणाऱ्याला ‘वाईट’ आधी सापडतं आणि अर्थ फिरवणारं ‘नाही’ पार शेवटी येतं.

२००२ मध्ये बो पँग, लिलियन ली आणि शिवकुमार वैद्यनाथन यांनी चित्रपट परीक्षणांवर एक प्रयोग केला. परीक्षण अनुकूल की प्रतिकूल हे सांगणारे शब्द आधी दोन विद्यार्थ्यांना सुचवायला सांगितले. त्यांच्या याद्यांनी ५८ आणि ६४ टक्के परीक्षणं बरोबर ओळखली. यंत्राला परीक्षणं देऊन ‘तूच शीक’ म्हटल्यावर हा आकडा ८३ टक्क्यांच्या आसपास गेला. इथून शब्दांच्या याद्या मागे पडू लागल्या. या प्रयोगात उत्तरं कुठून आली, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. परीक्षण लिहिणाऱ्यानेच तारे दिले होते. म्हणजे नाव देणारा आणि लिहिणारा एकच.

ट्विटर आल्यावरही काही काळ तसंच राहिलं. २००९ मध्ये स्टॅनफर्डमधल्या अ‍ॅलेक गो, रिचा भयानी आणि ले हुआंग यांनी १६ लाख ट्वीट वापरली. हसऱ्या चेहऱ्याची खूण असेल तर आनंदी, रडव्या चेहऱ्याची असेल तर दुःखी. शिकवण्याआधी ती खूण काढून टाकायची आणि उरलेल्या शब्दांवरून तिचा अंदाज बांधायला यंत्राला लावायचं. खूण खोटीही असू शकते, पण ती लिहिणाऱ्याने स्वतःच्या हाताने टाकलेली असते.

आनंद-दुःख एवढ्यावर भागेना, तेव्हा भावनांची यादी हवी झाली. ती मानसशास्त्रातून घेतली गेली. पॉल एकमन यांच्या सहा मूळ भावना, रॉबर्ट प्लुचिक यांच्या आठ. एकमन यांचं काम चेहऱ्यांवरचं. पापुआ न्यू गिनीतल्या फोरे लोकांना चेहऱ्यांचे फोटो दाखवून त्यांनी ती यादी तपासली. चेहऱ्यांसाठी बनलेली नावं वाक्यांवर चिकटवली गेली, आणि इतक्या सहजपणे, की याचा विचार फार थोड्यांनी केला. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात आठ स्थायीभाव आणि ३३ व्यभिचारी भाव आहेत. ते रंगभूमीबद्दल लिहीत होते, म्हणून त्यांना संगणकशास्त्रात ओढायची मला घाई नाही. पण त्यांच्या मांडणीत भाव एकटा उभा राहत नाही. तो कशामुळे उपजला तो विभाव, आणि अंगावर कसा दिसला तो अनुभाव, हे दोन्ही सोबत लागतात. सुट्या ट्वीटमध्ये विभावच गळून गेलेला असतो.

याद्या लांबल्या तशी नाव द्यायला परकी माणसं आली. गूगलच्या त्या ५८ हजार प्रतिक्रियांवर नावं लिहिणारे सगळे जण भारतातले इंग्रजीभाषक होते. एका प्रतिक्रियेला किमान तिघे वाचक, आणि त्यांतल्या दोघांचं जमलं की नाव पक्कं. त्यांना मी दोष देत नाही. परक्या देशातली कुजकी थट्टा, मागचापुढचा संवाद नसताना, कुणाला कळेल? पण मग मॉडेल जे शिकतं ती लिहिणाऱ्याची भावना नसते. अनोळखी वाचकांचं जिथे एकमत झालं, ते असतं.

मराठीत ही वाट पुण्याच्या एल-थ्री-क्यूब या गटाने पाडली. २०२१ मध्ये त्यांनी सुमारे १६ हजार मराठी ट्वीटचा साठा खुला केला. त्यात वर्ग तीनच : सकारात्मक, नकारात्मक, तटस्थ. पुढे त्याच साठ्यावर अकरा भावनांचं काम झालं. त्यात शिकवण्यासाठीच्या वाक्यांना नावं जीपीटी-४ या मॉडेलने दिली, तीही आधी मराठीचं इंग्रजी करून. तपासणीचा भाग मात्र माणसांनी हाताने केला. मोठं भांडवल नसताना हा मार्ग समजण्यासारखा आहे, आणि तपासणी माणसांकडे ठेवली याबद्दल त्या गटाचा मला आदर वाटतो. तरीही क्रम पाहावा. आधी लिहिणाऱ्याने नाव दिलं, मग परक्या माणसाने, आता दुसऱ्या यंत्राने. ‘मेल्या, होतास कुठे इतके दिवस?’ हे आजची मोठी मॉडेल कदाचित बरोबर ओळखतीलही. पण हे मावशीने लिहिलं तर लाड, आणि उधारी थकलेल्या गिऱ्हाइकाला दुकानदाराने लिहिलं तर वेगळंच. ते ठरतं नात्यावर, आणि नातं त्या ओळीत नाही.

मग यंत्राला नातीही सांगावीत का? इथे मी अडखळतो. २०१७ मध्ये फेसबुकने आत्महत्येचा धोका ओळखणारी यंत्रणा, युरोपीय संघ वगळता, जगभर नेत असल्याचं जाहीर केलं. ‘तू बरा आहेस ना?’, ‘मी काही मदत करू का?’ अशा मित्रांच्या प्रतिक्रिया हा त्यात धोक्याचा मोठा संकेत धरला होता. पोस्ट लिहिणाऱ्याचे शब्द अपुरे पडले तिथे त्याला ओळखणाऱ्यांनी काय विचारलं हे पाहायचं, ही मला या सगळ्या प्रवासातली सर्वांत समंजस गोष्ट वाटते. पण त्याच कंपनीने जानेवारी २०१२ मध्ये ६,८९,००३ जणांच्या न्यूजफीडमधल्या चांगल्या-वाईट शब्दांच्या पोस्ट आठवडाभर कमी करून त्यांच्या लिहिण्यावर काय परिणाम होतो ते पाहिलं होतं. ते २०१४ मध्ये प्रसिद्ध झालं तेव्हा गदारोळ उठला, कारण त्यांना स्पष्टपणे कुणी विचारलंच नव्हतं. ओळ नीट वाचायची तर माणसाची सगळी नाती यंत्राच्या हाती द्यावी लागतात, आणि ती कुणाच्या हाती देतोय हे आपल्याला ठाऊक नसतं.

म्हणून माझ्या लेखी समुदाय आणि माणूस यांत फरक करायला हवा. स्कॉट गोल्डर आणि मायकेल मेसी यांनी २०११ मध्ये ८४ देशांतल्या २४ लाख लोकांची ट्वीट केवळ शब्द मोजून तपासली. सकाळी मन प्रसन्न, दिवस चढेल तसं उतरत जातं, असा आलेख निघाला. लाखोंच्या गर्दीत एखाद्या ओळीची चूक विरून जाते. तेच माप लावून एका माणसाची नोकरी किंवा कर्ज ठरवायचं, तर ती चूक त्या एकट्याच्या अंगावर येते. युरोपीय संघाच्या कायद्याने फेब्रुवारी २०२५ पासून कार्यालयांत आणि शाळांत भावना ओळखणाऱ्या यंत्रणांवर, थोडे अपवाद सोडून, बंदी आणली. पण ती चेहरा, आवाज अशा शारीरिक खुणांपुरती. लिहिलेला मजकूर तिच्याबाहेर आहे.

मराठीत पुढचा साठा कुणी करणार असेल, तर तो लहान असला तरी चालेल. वाक्याआधीचं वाक्य आणि नंतरची उत्तरं त्यात असावीत. ती लिहिणाऱ्याच्या संमतीने घ्यावीत. आणि त्या ओळीला नाव काय, हे आधी त्यालाच विचारावं.