विश्रामपूरचा दरबार आणि कैरान्याची वाट

दिवाळीत नोएडा-गुरुग्रामच्या सोसायट्यांमधून चकली-अनारशांचे डबे फिरू लागले की कुठल्या ना कुठल्या मराठी घरात ‘कट्यार काळजात घुसली’ हा चित्रपट लागतोच. 2015 च्या दिवाळीतच तो प्रदर्शित झाला होता. घरातल्या आजोबांना पडद्यावर सचिन पिळगावकर दिसतात, पण कानात घुमतात ते 1967 च्या नाटकातले वसंतराव देशपांडे. दारव्हेकर मास्तरांचं लेखन, अभिषेकीबुवांचं संगीत, पहाटेपर्यंत चालणारे वन्समोर, सगळं त्यांना आठवू लागतं. दिल्लीत वाढलेल्या नातवंडांना खाँसाहेबांचं उर्दू चटकन कळतं. अडतात ती नाट्यपदापाशी.

गोष्ट साधी आहे. विश्रामपूरचे राजगायक पंडित भानुशंकर मिरजेत खाँसाहेब आफताब हुसेन बरेलीवाल्यांचं गाणं ऐकतात आणि भारावून त्यांना आपल्या गावी बोलावतात. गुणी माणसाला आपल्या दारी आणण्याइतका हा पंडित दिलदार. पुढे दरवर्षी दरबारात दोघांचा सामना ठरतो. जिंकेल त्याला राजगायकपद, हवेली आणि कट्यार. खाँसाहेब वर्षानुवर्षं हरतात, घरात अपमान साचत जातो, आणि शेवटी त्यांची बायको त्यांच्या नकळत पंडितजींना शेंदूर खाऊ घालते. पंडितजींचा आवाज जातो.

बहुतेक प्रेक्षक इथे गुन्हेगार शोधतात. कुणी बायकोला दोष देतं, कुणी खाँसाहेबांच्या अहंकाराला. महाराजांकडे मात्र कुणी बोट दाखवत नाही. वास्तविक दोन जातिवंत गायकांना समोरासमोर बसवून ‘श्रेष्ठ कोण’ विचारण्याचा खेळ त्यांनीच मांडला होता. एकाची बैठक शांत, स्वर उलगडत नेणारी. दुसऱ्याची तान विजेसारखी. यांना गुण द्यायचे कुठल्या मापाने? मूळ नाटकापासून ‘घेई छंद मकरंद’ हे एकच पद दोघांच्या दोन ढंगांत येतं. शब्द तेच, पण गाणी दोन होतात, आणि रसिक दोन्ही गुणगुणत घरी जातात. जो निकाल प्रेक्षकाला कधीच लावता आला नाही, त्यासाठी विश्रामपुरात एक गळा गेला.

दिल्लीने तरी हा निकाल लावला नाही. या चित्रपटातल्या गाण्यासाठी महेश काळे यांना मे 2016 मध्ये विज्ञान भवनात राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ते अभिषेकीबुवांचे शिष्य. खाँसाहेबांसाठी गायलेले राहुल देशपांडे, म्हणजे वसंतरावांचे नातू, सप्टेंबर 2022 मध्ये त्याच सभागृहात त्याच सन्मानासाठी उभे होते, ‘मी वसंतराव’साठी. अर्थात पुरस्कार हीही एक शर्यतच, पण तिच्यात कुणाला हवेली रिकामी करावी लागत नाही.

शहरात मात्र दरबार रोज भरतात. एप्रिल 2025 मध्ये चित्तरंजन पार्कच्या मासळी बाजारातली एक चित्रफीत फिरली. काही तरुण दुकानदारांना सुनावत होते की देवळाला लागून मासे विकणं बरोबर नाही. बाजारातल्या लोकांचं म्हणणं, ते कालीमंदिर आम्हीच उभारलंय. बंगाली घरात देवीची भक्ती आणि मासळी सुखाने एकत्र नांदतात. ते कुणाला पटलं नाही तर त्याने खाऊ नये, एवढं सोपं होतं. पण ‘तुमची रीत वेगळी’ इथवर न थांबता ‘तुमची रीत खालची’ म्हटलं की झाली स्पर्धा सुरू.

विश्रामपूर काल्पनिक आहे. उत्तरेतून मिरजेला आलेले खरे खाँसाहेब वेगळे: अब्दुल करीम खाँ. जन्म 1872 चा, कैराना गावचा. किराणा घराण्याचं नाव याच गावावरून पडलं. दिल्लीपासून शंभरेक किलोमीटरवरचं हे गाव ज्या शामली जिल्ह्यात आहे, तो आता राजधानी क्षेत्रातच मोडतो. बडोदा, पुणे, मिरज असा या माणसाचा प्रवास. 1913 मध्ये त्यांनी पुण्यात आर्य संगीत विद्यालय काढलं आणि विद्या घराबाहेर जाऊ न देण्याच्या त्या काळात जात-धर्म न पाहता मुलं शिकवली. मराठी नाट्यपदं गाऊन त्यांच्या तबकड्या काढल्या, कर्नाटक संगीतही आवडीने आत्मसात केलं, पण आपला आलाप सोडला नाही. कुंदगोळचे रामभाऊ त्यांच्याकडे शिकून सवाई गंधर्व झाले. त्यांचे शिष्य भीमसेन जोशी. पुण्यात 1953 पासून भरणारा सवाई गंधर्व महोत्सव याच परंपरेतला.

सगळं गोडगोड होतं असं मात्र नाही. ताराबाई माने यांच्याशी करीम खाँचा संसार मोडला. ताराबाई मुलांना घेऊन वेगळ्या झाल्या आणि त्यांना नवी नावं दिली. सुरेशबाबू माने आणि हिराबाई बडोदेकर ही त्यातलीच. घर दुभंगलं तरी गळ्यातलं किराणा टिकून राहिलं, आणि ‘कट्यार’मधले खाँसाहेब रंगवणारे वसंतराव ज्यांच्याकडे शिकले, त्यांत हे सुरेशबाबूही होते. करीम खाँ 1937 मध्ये वारले आणि मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्यात त्यांना मूठमाती मिळाली. तिथल्या उरुसात आजही गायक हजेरी लावतात. त्याच मिरजेत तंबोरे घडवणारे शिकलगार. त्यांचे पूर्वज तलवारी-कट्यारींना धार लावायचे.

दिल्लीत कैराना आठवतं ते पोटनिवडणुकीमुळे नाहीतर 2016 मधल्या पलायनाच्या वादामुळे. मराठी मंडळी पानिपतला जातात, ‘काला आंब’ स्मारकापाशी फोटो काढतात, हळहळतात, आणि जेवणाच्या वेळेपर्यंत परततात. तिथून यमुनेचा पूल ओलांडला की तासाभराच्या आत कैराना येतं. किराण्यावर जीव टाकणाऱ्यांच्या सहलीची बस तिकडे वळल्याचं सहसा ऐकिवात येत नाही. डबे भरलेलेच असतात, वाटही बरी आहे.